मुशा-ए

मुशा-ए : योद्ध्यांची जपानी काष्ठठसा चित्रे. एदो काळात (१६०३–१८६८) भरभराटीला आलेल्या उकियो-ए परंपरेतील एक प्रकार. आज ती सामुराई वैभवाची खूण म्हणून दिवाणखान्यात टांगली जातात. मूळ गिऱ्हाईक मात्र एदो शहरातील (आजचे टोकिओ) व्यापारी व कारागीर होते. चित्रे स्वस्त असत. लोक ती हातात धरून पाहत, घडीच्या पडद्यांवर चिकटवत.

या प्रकाराला खरा जोम दिला तो उतागावा कुनियोशी (१७९८–१८६१) याने. कापड रंगवणाऱ्याच्या या मुलाला १८२७ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सुइकोदेन’ मालिकेने नाव मिळवून दिले. तिचे नायक सामुराई नव्हेत, चिनी कादंबरीतील बंडखोर आहेत. त्यांच्या अंगभर गोंदलेल्या नक्षीने एदोत गोंदणाची लाट आणली. १८४४ च्या सुमाराच्या एका चित्रात त्याने तीन कागदांवर मिळून एकच प्रचंड सांगाडा पसरवला. अशी धिटाई त्याच्या समकालीनांत क्वचितच दिसते.

सरकारी नियंत्रण कडक होते. पूर्वीचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यावरील चित्रांबद्दल १८०४ मध्ये चित्रकार उतामारोला बेड्या पडल्या. म्हणून धन्याचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांवरील (बिनधन्याच्या सामुराईंवरील) मालिकेत (१८४७–४८) कुनियोशीने खरी नावे टाळली. त्यांचा म्होरक्या ओइशी याचा ओबोशी केला. रसिकांना सगळे कळत होते.

चित्रकाराचे रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरणारा कारागीर रेषा कोरी. प्रत्येक रंगासाठी साधारणपणे वेगळा ठसा लागे. तुतीवर्गीय कोझो झाडाच्या सालीच्या कागदावर ‘बारेन’ या चकतीने घासून छाप घेत. ओबान आकाराचा कागद सुमारे ३९ × २६ सेंमी. असतो.

जुने वनस्पतिज रंग, विशेषतः करडईचा लाल, उजेडात विटतात. १८३० च्या सुमारास रुळलेला प्रशियन निळा अधिक टिकतो. तरीही जुनी प्रत खिडकीसमोर लावू नये. आम्लरहित पुठ्ठा, अतिनील किरण अडवणारी काच आणि वर्षातले बरेच महिने अंधारात विश्रांती एवढे तिला द्यायलाच हवे. कडा कापणे किंवा चित्र पुठ्ठ्यावर पूर्ण डकवणे म्हणजे त्याची हानीच.

रोजच्या सजावटीला नव्याने कोरलेल्या ठशांवरची प्रत उत्तम. हाताने छापलेल्या चित्राच्या पाठीवर रंग झिरपलेला दिसतो, तर यांत्रिक छपाईत भिंगाखाली बहुधा ठिपक्यांची जाळी दिसते. झिरपलेल्या रंगावरून वय मात्र ठरत नाही. त्यासाठी कागद, प्रकाशकाची मुद्रा व सरकारी तपासनिसाचा शिक्का पाहावा लागतो.