दप्तराचा योग्य ताबा

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आज कारखाने आहेत. क्रीडांगणाची स्मृती नावातच उरली आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाले आणि पूर्वीचे परगण्याचे ठाणे कंपेल शेतकऱ्यांचे गाव म्हणून मागे राहिले. नगराचा इतिहास दरबारी दप्तरांत सापडतो. अशा गावांचा मात्र घरोघरच्या मोडी रुमालांत, इनामाच्या सनदांत आणि देवस्थानांच्या जमाखर्चात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी असेच कागद गावोगाव हिंडून जमविले व १८९८ पासून प्रसिद्ध केले. ३० वर्षांपूर्वीचा दस्तऐवज योग्य ताब्यातून आला, तरच तो वेगळ्या पुराव्यावाचून खरा मानण्याची मुभा कायदा न्यायालयास देतो. इतिहासासही हीच कसोटी लागू आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून देवस्थानाच्या विश्वस्तांनी रुमाल सोडण्यापूर्वी तो कोणत्या घरी व कोणाच्या स्वाधीन होता, हे प्रथम लिहून ठेवावे.