घाटाखाली कमाई, घाटावर चूल

मंदी आली, की माणूस दोन गोष्टी शोधतो. एक काम, आणि ते मिळेपर्यंत स्वस्तात तगून राहण्याची जागा. कुणी त्यासाठी परका देश गाठतो. आमच्या मावळच्या माणसाला मात्र समुद्र ओलांडावा लागला नाही. बोरघाट चढला, की त्याचा स्वस्ताईचा मुलूख लागे.

हा घाट सोपा झाला 1863 साली. त्याआधी 1858 मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी आली होती. पण पुढचा घाट उतारू पालखीतून, नाहीतर पायी उतरत. सात वर्षे खपून, 25 बोगदे पोखरून, 21 एप्रिल 1863 रोजी घाटातून आगगाडी धावली. एका वेळी 40 हजारांवर मजूर तेथे राबले. डोंगर फुटला आणि मुंबई जवळ आली.

मावळ म्हणजे पाऊस आणि भात. आषाढात लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. मग हाताला काम नाही. सारा मात्र रोख भरायचा. तेव्हा घरचा एक गडी मुंबई गाठू लागला. कुणी गिरणीत, कुणी हमालीवर. 1890 च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी जेवणाचे डबे पोचवण्याचा धंदा उभा केला. त्यात मावळ, मुळशी, खेड, जुन्नरची माणसे शिरली. ती एका खोलीत दाटीवाटीने राहत, भाडे वाटून घेत, बायकामुले गावी. पगार मुंबईचा, संसार मावळचा, असा तो हिशेब. मालकाचेही त्यात साधले. एकट्या गड्यापुरती मजुरी देऊन भागे. उरलेला भार गावचे शेत आणि घरची बाई उचलत असे.

1929 नंतरच्या जागतिक मंदीत हा हिशेब कसाला लागला. गिरण्या बंद पडू लागल्या, पगार कापले गेले, 1934 मध्ये मोठा संप झाला. काम गेलेला गडी घरी परते. तांदूळ घरचा, सरपण रानातले, भाडे नाही, पोट निघे. पण धान्याचे भावही जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि सावकाराचे देणे काही निम्मे झाले नव्हते. घेणाऱ्याची स्वस्ताई ती विकणाऱ्याची ओढगस्त, हे तेव्हा उमगले.

बरे, ज्याचे शेतच गेले त्याने कोठे परतावे? टाटांच्या वीज योजनेसाठी लोणावळा, वळवण, शिरवता येथे तलाव झाले. 1915 पासून त्या पाण्याची वीज खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. शेजारच्या मुळशीत 1921 मध्ये शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापट त्या लढ्याचे पुढारी. लढा या जमिनीसाठीच होता. धरण झालेच.

पुढे 1982 च्या संपात गिरणी कामगारांनी पुन्हा गावची वाट धरली. 2020 च्या टाळेबंदीत डबे थांबले, तेव्हाही पुष्कळ डबेवाले गावी येऊन शेताला लागले. दरम्यान मावळात द्रुतगती मार्ग झाला, बंगले उठले, जमिनीला सोन्याचा भाव आला. विकणाऱ्याला दोष कसा द्यावा? लग्नकार्य, आजारपण, कर्ज कुणाला चुकले आहे? पण भाताचे ते खाचर नुसते शेत नव्हते. मुंबईने हात सोडला, तर परत यायची ती जागा होती. सौदा करताना तिचीही किंमत धरावी, एवढेच सांगणे.