कोंडलेली हवा आणि बेवारस नळी

वऱ्हाडात विहिरी खोदायच्या त्या उन्हाळ्यात. वाशीम जिल्ह्यात कारंजा घ्या की रिसोड, माती आणि मुरूम संपला की खाली काळा पाषाण लागतो आणि टिकाव-फावड्याचे काम थांबते. मग शेतात ट्रॅक्टर येतो. त्याला जोडलेला कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरमधून निघालेली जाड रबरी नळी आणि तिच्या टोकाला खडकात सुरुंगाची भोके पाडणारा जॅकहॅमर. २००६ साली केंद्राने विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. पुढे 'धडक सिंचन विहीर' कार्यक्रमाच्या विहिरी झाल्या, त्याही याच हवेच्या जोरावर. या हवेचा इतिहास मात्र आपल्याकडे कोणी फारसा लिहिलेला नाही.

हवा नव्हती तेव्हा काय होते, ते बोरघाटात पाहावे. १८५६ ते १८६३ या काळात तिथले पंचवीस बोगदे हातपहारी, घण आणि बंदुकीची दारू यांवर खोदले गेले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या उतारावर होते आणि पटकीने व अपघातांनी त्यातले किती गेले याचा नीट हिशोबही कोणी ठेवला नाही. नेमक्या त्याच वर्षांत, १८६१ पासून, आल्प्समधल्या माँ सेनी बोगद्यात सोमेइये या अभियंत्याने दाबाखालच्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे लावली होती. हवा बोगद्याच्या तोंडापासून आत कित्येक किलोमीटर नळांतून न्यावी लागे. म्हणजे यंत्राइतकाच नळ महत्त्वाचा होता. पॅरिसमध्ये तर व्हिक्टर पॉप याने १८८१ च्या सुमारास हवेच्या झटक्यांवर शहरातली घड्याळे चालवली. पुढे त्याच जाळ्यावर कारखान्यांची यंत्रे चालू लागली. गटारांमधून गेलेले ते जाळे शेकडो किलोमीटरांचे झाले आणि थेट १९९४ पर्यंत टिकले. तिथे नळी हाच धंदा होता.

आपल्याकडे तसे झाले नाही. महाराष्ट्रात या हवेला घराणे मिळाले ते किर्लोस्करांचे. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर, १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी, पुढे पंप आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिने, हा प्रवास मराठी वाचकाला पाठ आहे. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिले नांगर पडून राहिले होते, हेही त्याला ठाऊक असते. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, शंतनुरावांच्या कारकिर्दीत, किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी स्थापन झाली आणि पुण्याच्या हडपसरला कॉम्प्रेसर बनू लागले. किर्लोस्करांच्या गौरवग्रंथांत नांगराला पानेच्या पाने मिळतात आणि कॉम्प्रेसरला एखादी ओळ. खरे तर वर्षही बोलके आहे. तेव्हा कोयनेचे बोगदे खोदले जात होते, धरणे आणि कारखाने उभे राहत होते. खडक फोडायला हवा लागणार हे उघड होते. आजही ती कंपनी त्याच घराण्याकडे आहे.

पण घराण्याने बनवले ते यंत्र. हवा यंत्रातून बाहेर पडली की पुढचे काम गावच्या फिटरचे. कारखान्यात पाण्याचीच जीआय पाइप आणायची, आटे पाडायचे, सांध्याला ताग किंवा टेप गुंडाळायची आणि मोकळे व्हायचे. कॉम्प्रेसरच्या पाटीवर नाव असते, नळीवर कोणाचेच नसते. आपल्या उद्योगाच्या इतिहासातली ही उणीव मला मोठी वाटते, कारण पैसा त्या नळीतूनच जातो.

गणित सोपे आहे. नळीचा व्यास निम्मा केला तर तितकीच हवा नेताना दाबातली घट सुमारे ३२ पट होते. म्हणून दुकानात दोन इंचीऐवजी एक इंची पाइप घेऊन वाचवलेले पैसे पुढे विजेच्या बिलात जातात. दाब कमी पडतो म्हणून मिस्त्री कॉम्प्रेसरचा दाब वाढवतो, आणि दर एका बारला वीज सुमारे सात टक्के जास्त लागते. सांध्यात तीन मिलिमीटरचे एक भोक असेल, तर तेवढ्यानेच सुमारे तीन किलोवॅट हवेत जातात. फुसफुस ऐकू येते, पण पाणी गळावे तसे काही दिसत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही.

याचा चटका अकोला-वाशीम पट्ट्यातल्या डाळ मिलला बसतो. तिथल्या सॉर्टेक्समध्ये कॅमेरा डागाळलेला दाणा टिपतो आणि हवेचा एक झोत त्याला सेकंदाच्या अगदी लहान अंशात बाजूला उडवतो. या हवेत पाणी चालत नाही, तेल चालत नाही, गंज तर नाहीच. पावसाळ्यात दमट हवा दाबली आणि ती पुढे थंड झाली की पाणी सुटणारच. जाणता फिटर मुख्य नळीला किंचित उतार देतो, सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवतो आणि फाटा नळीच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवतो, म्हणजे तळाशी वाहणारे पाणी फाट्यात शिरत नाही.  ही विद्या एका फिटरकडून दुसऱ्याकडे आली. फाटा खालून काढलेला असेल, तर पहिल्याच पावसात सॉर्टेक्सच्या तोट्या ओल्या होतात आणि चांगली तूर डागी तुरीबरोबर जाते.

नळीला पाटी मिळाली ती फ्रान्समध्ये. तिथल्या लेग्रिस या जुन्या कौटुंबिक कंपनीने १९९० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, आटे न पाडता जोडायची 'ट्रान्सएअर' पद्धत बाजारात आणली. आतून गंजत नाही, वजनाला हलकी, कारखाना हलला की सोडवून पुन्हा जोडता येते. २००८ मध्ये पार्कर या अमेरिकी कंपनीने लेग्रिस विकत घेतली. आता अशा नळ्या भारतातही मिळतात आणि मोठे कारखाने त्या बसवतात. लहान मिलवाला किंमत विचारतो आणि जीआयकडे वळतो. त्याला दोष देता येत नाही. नळीची किंमत आज एकरकमी द्यावी लागते, गळतीची दरमहा थोडी थोडी, आणि ती महावितरणच्या बिलात इतर विजेत मिसळून येते. मिलचा हिशेब लिहिणाऱ्या कीर्दीत गळती नावाचे खाते नसते.