नानांचं मत कुठे नोंदलं?

आमचे आजोबा बीडकडच्या पाटोद्याचे. १९६७ साली त्यांनी कम्युनिस्टांच्या विळा-कणसावर शिक्का मारला. उमेदवार पार सांगलीकडच्या येडेमच्छिंद्रचा. पण इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटील म्हटल्यावर परका कसला! बीडनं त्यांना लोकसभेत धाडलं. १९५७ ला ते साताऱ्यातून गेले होतेच.

नानांनी कुठल्या विधेयकावर हात वर केला, असं मी एकदा विचारलं. आजोबा हसले. म्हणाले, लोकसभेत बहुतेक निकाल आवाजी मतदानानं लागतो. मतविभागणी मागितली तरच नावं कागदावर येतात. मागच्या बाकावरच्याचा ‘नाही’ गलक्यात विरतो. मातृभाषेत बोलायचं, तर घटनेच्या कलम १२० प्रमाणे अध्यक्षांची परवानगी. आणि हा गडी रांगड्या मराठीनं सभा गाजवणारा! त्यात डिसेंबर १९७० मध्ये ती लोकसभाच मुदतीआधी बरखास्त झाली.