एसटीच्या आधीची सोळा वर्षे

एसटीचा वाढदिवस आपण १ जूनला साजरा करतो; १९४८ साली त्या दिवशी पुणे-नगर गाडी सुटली. मराठवाड्यापुरता मला हा हिशेब अपुरा वाटतो. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची सरकारी बससेवा जून १९३२मध्येच सुरू झाली होती. २७ गाड्या, १६६ कर्मचारी, कारभार निजामाच्या रेल्वेखात्याकडे.

गाड्या ग्लासगोच्या आल्बियन कंपनीच्या. जुन्या ब्रिटिश बसगाड्यांचा मला नाद. आल्बियनच्या रेडिएटरवरचा उगवता सूर्य पाहिला आणि मी तिच्या मागे लागलो. हैदराबादच्या बसक्रमांकांतला ‘झेड’ निजामाच्या आईच्या, झहराबेगमच्या, नावातला असे तिकडे सांगतात. (तिकडच्या बसवर तो अजून दिसतो.) पुढे १९५१ साली लेलँडने आल्बियन विकत घेतली. आमच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत एसटीच्या बॉडी ज्या चासींवर बांधल्या गेल्या, त्यांत अशोक लेलँडच्याही आहेत. नाते दूरचे, पण आहे.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. गाड्या, आगारे, चालक-वाहक यथावकाश एसटीत सामावले. १९३२ हे साल मात्र आंध्र-तेलंगणाच्या महामंडळांनी आपल्या इतिहासात घेतले, एक आल्बियन हैदराबादेत जपूनही ठेवली. आमच्या मध्यवर्ती बसस्थानकावर त्या सालाची साधी पाटी लावायला काय हरकत आहे?