धिरयो (बैलांची झुंज)

१. धिरयो : भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यात दोन बैल किंवा रेडे शिंगाला शिंग भिडवून झुंजवण्याचा, गोव्यात ‘धिरयो’ आणि मालवणकडे ‘झुंज’ या नावाने ओळखला जाणारा खेळ, त्यात पाठ फिरवून पळणारे जनावर हरते व नाव होते ते जिंकलेल्या जनावराचे. स्पेनच्या ‘कोरिदा’त मात्र माणूस तलवारीने वळूला मारतो आणि कीर्तीही त्याचीच होते, जशी लिनारेस येथे इस्लेरो नावाच्या वळूच्या शिंगाने जखमी होऊन २९ ऑगस्ट १९४७ रोजी मरण पावलेल्या मानोलेतेची (जन्म १९१७) झाली. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार (१९६०) जनावरे झुंजवणे गुन्हा असून, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ मध्ये धिरयोवर बंदी घातली, ती मुक्या जनावरांच्या दृष्टीने न्याय्यच होय.