लॅगरमधली लवंग आणि हरवलेला पालक

एमएस्सीला असताना एका सीनियरने नेदरलँड्सहून येताना हाइनेकेनची ‘एच-४१’ नावाची बिअर आणली होती. एक बाटली, सहा जण, म्हणजे वाट्याला अर्धा कप! पहिल्याच घोटाला मी विचारलं, "यात लवंग टाकलीय का?" लॅगर म्हणजे स्वच्छ, सरळ चवीची बिअर. ही मात्र मसालेदार, जराशी फळांच्या वासाची होती.

लवंग कुणी टाकली नव्हती. माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून काही यीस्ट ‘४-व्हिनाइलग्वायकॉल’ बनवतात, त्याचा तो वास. नेहमीच्या लॅगरमध्ये हा दोष मानतात, कारण लॅगरच्या यीस्टने ही क्षमता वाटेत कुठेतरी गमावली आहे. बाटलीतलं यीस्ट मात्र रानातलं होतं: सॅकरोमायसिस युबायानस.

आता जरा मागे जाऊ. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात, म्हणजे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, बिअर बनवायला बंदी झाली. उरली थंडी. थंडीत तळाशी बसून सावकाश काम करणारं यीस्ट आपोआप टिकलं आणि पसरलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हानसेन यांनी त्याचं शुद्ध कल्चर वेगळं केलं. हे यीस्ट, सॅकरोमायसिस पास्तोरियानस, संकर आहे हे पुढे कळलं. एक पालक ओळखीचा, पाव-वाइनवाला सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. दुसरा कोण?

इथे जरा थांबा, कारण पेटची तयारी करताना हे नक्की उपयोगी पडेल. बरीच वर्षं दुसरा पालक म्हणून सॅकरोमायसिस बायानसचं नाव घेतलं जायचं. ते लॅगरच्या जीनोमशी बऱ्यापैकी जुळायचंही. पण बायानस स्वतःच संकर निघाला! म्हणजे ज्याला आपण बाप समजत होतो तो नात्यातलाच आणखी एक मिश्र भाऊबंद. दोघांतही जो समान भाग होता, त्याचा खरा मालक कुणी पाहिलाच नव्हता. जुळतंय म्हणजे तोच मूळ, ही उडी मारायचा मोह मलाही माझ्या सिनॉप्सिसमध्ये झाला होता. गाइडने लाल पेनाने गोल केला, बस.

२०११ मध्ये दिएगो लिबकिंद आणि सहकाऱ्यांनी आर्जेन्टिनाच्या पातागोनियात तो मालक शोधला. तिथल्या दक्षिणी बीच झाडांवर सायटेरिया बुरशीमुळे गोड गाठी येतात. त्यांत हे यीस्ट राहतं. लॅगरच्या त्या अनोळखी भागाशी त्याचा जीनोम ९९.५ टक्के जुळला. एच-४१ मधलं ४१ म्हणजे तिथलाच दक्षिण अक्षांश.

बातम्यांत लगेच जहाजं आली: पातागोनियाचं यीस्ट समुद्रमार्गे युरोपात पोहोचलं वगैरे. पण तारखा बघा ना. बव्हेरियात लॅगर पंधराव्या शतकात बनत होती असं सांगतात, आणि कोलंबस निघाला १४९२ मध्ये. गणित फारच ओढूनताणून बसतं. २०१४ मध्ये तिबेटमधले नमुने आले, आणि ते पातागोनियाच्या नमुन्यांपेक्षाही लॅगरच्या जास्त जवळचे निघाले. मग व्यापारी मार्गांच्या गोष्टी सुरू झाल्या. तरीही युरोपच्या रानात हे यीस्ट काही सापडेना, आणि संकर तर युरोपातच झालेला!

२०२२ मध्ये आयर्लंडमधून शोधनिबंध आला. युबायानस तिथे मिळालं होतं. हेच नमुने लॅगरचे थेट पूर्वज आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. पण युरोपच्या मातीत ते राहतं, एवढं नक्की झालं. आणि माती कुठली, तर युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या कॅम्पसमधली. पदवीच्या मुलांचा प्रोजेक्ट होता: आवारातली माती गोळा करायची, त्यातली रानटी यीस्ट वेगळी करायची आणि त्यांचे जीनोम वाचायचे.